हायाशी-सान जेवायला येतात

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा. मागे हाच किस्सा मेहुण्याला सांगत होतो, तर त्याच्या नाकातून चहा आला आणि बायकोचं नवं सोफा-कव्हर कामातून गेलं. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे, आधी कप खाली, मग किस्सा. ठेवलात? मग ऐका. शिकलासवरलेला माणूस स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर किती सुबकपणे धोंडा पाडून घेऊ शकतो, त्याची ही हकिकत.

मी फरीदाबादला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. कारखान्यात जपानी भागीदारी आहे, म्हणून मागच्या वर्षी कंपनीने मला जेमतेम आठवडाभर जपानला पाठवलं. त्यात जाण्यायेण्यात दोन दिवस गेले आणि एक दिवस पोट बिघडलं. पण उरलेल्या दिवसांत मी काय केलं असेल? जपानची संस्कृती कोळून प्यायलो!

परत आलो तो मी नव्हतोच. सोसायटीच्या गेटवर गार्डला कमरेत वाकून नमस्कार करायला लागलो. तो बिचारा घाबरून माझ्याहून खाली वाकायचा, मग मी त्याच्याहून खाली, आणि मागे गाड्यांची रांग. बाटा चौकात हॉर्न वाजवणं बंद केलं. जपानमध्ये कोणी हॉर्न वाजवत नाही! परिणामी एकदा एक म्हैस माझ्या गाडीपुढे निवांत उभी राहिली आणि मी तिच्या मर्जीची वाट बघत बसलो. घरात कचऱ्याचे वेगवेगळे डबे आणले, कागदाचा, काचेचा, प्लास्टिकचा, ओल्याचा. कचरेवाला यायचा आणि सगळे डबे माझ्या डोळ्यांदेखत एकाच गाडीत उलटे करायचा.

घरी तर विचारूच नका. आई फुटक्या कपाचा कान डिंकाने चिकटवायची तेव्हा मीच ओरडायचो, "आई, किती तो कंजूषपणा, फेकून दे ना!" आता जपानमध्ये फुटका कप सोनेरी लेपाने जोडतात हे कळल्यावर मी एक चांगला कप मुद्दाम फोडला आणि तीन दिवस जोडत बसलो. गावाकडे आम्ही जमिनीवर बसून जेवायचो, त्याला मी गरिबी म्हणायचो. जपानी माणूस जमिनीवर बसून जेवतो हे पाहिल्यावर ते अध्यात्म झालं!

बायको संगीता केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आहे, तिला नमुने बघायची सवय आहे. ती काही बोलायची नाही. मुलगी मैत्रेयी अकरावीत, जन्म दिल्लीचा. ती मात्र म्हणायची, "पप्पा यार, इतना भी क्या! एक हफ्ता ही तो गए थे." आणि आई, तिला मी भंडाऱ्याहून इकडे आणलंय, ती रोज एकच विचारायची, "काऊन रे बापू, तिकडं तुले पाण्यात काही देलं होतं का?"

या सगळ्यांना माझं एकच उत्तर होतं. "जपानमध्ये असं नसतं."

आता मुद्द्यावर येतो. आमच्या कारखान्यातून एका माणसाला वर्षभरासाठी जपानच्या मुख्य कारखान्यात पाठवायचं ठरलं. एकच जागा! आणि तो माणूस निवडणार कोण? हायाशी-सान. 'सान' म्हणजे आपलं 'राव' किंवा 'जी' समजा. हे आमचे जपानी क्वालिटी प्रमुख, तीन वर्षं फरीदाबादेत, साठीला टेकलेले, मोडकं पण बिनधास्त हिंदी बोलणारे. दिसायला गंभीर, पण हसले की लाइनवरची मशीनं दचकतात.

मला ती जागा हवी होती. किती हवी होती? मी नवी मोठी सुटकेस आणून ठेवली होती. नागपूरच्या साऱ्या नातेवाइकांना सांगून झालं होतं. एका काकूंनी तर तिकडून काय काय आणायचं तेही कळवलं होतं. आता नाही गेलो असतो तर लग्नकार्यात तोंड दाखवायची सोय नव्हती.

स्पर्धेत एकच माणूस होता, बल्लभगढचा चौधरी. त्याला जपानबद्दल काय माहीत? शून्य! तो हायाशी-सानच्या पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "आओ जी हायाशी जी, भटूरे खाण चालां!" पाठीवर थाप! एका जपानी माणसाच्या! माझा जीव वरखाली व्हायचा. मी मनात म्हटलं, चौधरी, तू भटूरे खाऊ घाल. मी त्यांना फरीदाबादेत जपान दाखवतो.

आणि मी हायाशी-सानना रविवारी दुपारी घरी जेवायला बोलावलं.

तयारी आठवडाभर चालली. बुद्धमूर्ती आमच्या हॉलमध्ये आहेच. आम्हीही बौद्ध, तेही बौद्ध, म्हणजे नातंच की! मूर्तीच्या शेजारी मी एक तिवई मांडली. तिच्यावर पांढऱ्या शेवंतीची फुलं ठेवली, कारण जपानी सौंदर्यदृष्टीला भडक रंग चालत नाही. मेणबत्त्या, उदबत्त्या लावल्या. मध्यभागी माझा हुकमाचा एक्का, हायाशी-सानचा स्वतःचा फोटो. कारखान्याच्या वार्षिक समारंभातला होता, मी तो मुद्दाम कृष्णधवल करून मोठा करून आणला. काळी फ्रेम, साधी. वरच्या दोन्ही कोपऱ्यांवरून खाली येणारी काळी रिबन, तीही साधी. फोटो रेशमी रुमालाने झाकला. जेवणाआधी तो ओढायचा आणि भेट द्यायची, असा बेत होता.

आई लांबून बघत होती. म्हणाली, "बापू, जित्या मानसाच्या फोटोपुढं फुलं ठेवत नाईत रे."

"आई, जपानमध्ये असं नसतं."

मग जेवण. टेबल-खुर्ची रद्द. आईचा चौरंग त्या तिवईपुढे मांडला, बाजूला सतरंजी टाकली. मेनू मी ठरवला, बिनतेलाच्या उकडलेल्या भाज्या, टोफू आणि कोरा भात. आईने नेहमीप्रमाणे वाटीने दाबून भाताची छान गोल मूद पाडली. ती वर वरण घालणार, तेवढ्यात मी तिचा हात धरला. जपानी माणूस भात कोरा खातो! आणि शोभा यावी म्हणून मुदीच्या बरोबर मधोमध दोन चॉपस्टिक उभ्या रोवल्या.

"भाताले झेंडा कोन लावते वो?" आईने संगीताला विचारलं.

संगीता म्हणाली, "आई, बोलू नका. आता आपल्याला सांगतील जपानमध्ये काय असतं ते."

राहिला माझा पोशाख. तिकडून मी एक युकाता आणला होता. युकाता म्हणजे सुती झगा, पुढचे दोन्ही पदर एकमेकांवर घ्यायचे आणि वर पट्टा बांधायचा. कुठला पदर वर घ्यायचा? मी काय अडाणी आहे? मी व्हिडिओ लावला, फोन आरशाला टेकवला आणि व्हिडिओतला माणूस जसा दिसतोय अगदी तस्साच आरशात दिसेपर्यंत झगा नेसलो. आरशात डावं उजवं होतं आणि उजवं डावं होतं, हे चौथीतला पोरगाही सांगेल. मी तर इंजिनिअर! मला कोण सांगणार?

बेल वाजली.

मी दार उघडलं. दारात हायाशी-सान, हसरे, हातात मिठाईचा डबा. त्यांनी मला बघितलं. झगा बघितला. हसू जागच्या जागी विझलं आणि ते चक्क एक पाऊल मागे सरकले. मग माझ्या खांद्यावरून त्यांना आतला हॉल दिसला. पांढरी फुलं, मेणबत्त्या, उदबत्तीचा धूर. त्यातच आई पांढरं पातळ नेसून उभी होती. रविवार होता, ती नुकतीच विहारातून आली होती.

हायाशी-साननी मिठाईचा डबा पाठीमागे नेला, हळूच शू-रॅकमागे सरकवला आणि ते असे वाकले, असे वाकले, की मला त्यांच्या पाठीचा सपाट पृष्ठभाग दिसला. बराच वेळ वर आलेच नाहीत.

मी संगीताला कोपराने ढोसलं. "बघितलंस? भारावलेत!"

आत आले ते पाय न वाजवता. आईपुढे वाकले. मैत्रेयीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग माझ्याजवळ सतरंजीवर बसले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "गाजुबिये-सान..." माझ्या गजभिये आडनावाचं ते असंच करतात. "कब हुआ?"

कब हुआ? मी चटकन ओळखलं. माझं हे जपानप्रेम कधी जडलं, असं विचारतायत!

"पिछले साल, सर. एअरपोर्ट से बाहर निकलते ही."

"एअरपोर्ट पे!" त्यांनी डोळे मिटले. "अचानक?"

"बिल्कुल अचानक, सर. उससे पहले कुछ भी नहीं था."

"और... फॅमिली?"

"फॅमिली को तो बहुत तकलीफ हुई. अब आदत हो गई है. पर मैं रोज़ सुबह उठकर याद करता हूँ, सर."

हायाशी-साननी माझा हात हातात घेतला. जपानी माणूस असा हात धरत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणजे तीर निशाण्यावर लागला होता! आता लोखंड गरम आहे तोवर घाव घातला पाहिजे. मी गळा दाटून आणला आणि म्हटलं, "सर, सच कहूँ? मेरा तो एक ही सपना है. मैं भी वहीं चला जाऊँ. हमेशा के लिए."

त्यांनी माझा हात असा दाबला की अंगठीची खूण उठली. "नहीं नहीं, गाजुबिये-सान! ऐसा मत बोलो! बेटी छोटी है!"

गेली! जागा गेली! मुलगी लहान आहे म्हणून मला पाठवत नाहीत! चौधरीला काय, त्याची पोरं कॉलेजात आहेत. मी कळवळून म्हटलं, "सर, हमेशा नहीं तो एक साल के लिए ही सही!"

"एक साल?" हायाशी-सान माझ्याकडे बघत राहिले. "वहाँ से... एक साल में... वापस?"

"बिल्कुल वापस, सर! कंपनी टिकट देती है ना!"

त्यावर ते छताकडे बघायला लागले. बहुधा हिंदूंचा पुनर्जन्म, बौद्धांचा पुनर्जन्म आणि आमच्या कंपनीचे प्रवासाचे नियम यांचा मेळ घालत असावेत. मग एकदम निश्चय केल्यासारखे उठले, तिवईपुढे गेले, झाकलेल्या फोटोसमोर गुडघे टेकले, हात जोडले आणि डोळे मिटले.

आईला वाटलं साहेब वंदना करतायत. तीही शेजारी बसली आणि तिने त्रिशरण-पंचशील सुरू केलं. काय सांगू, अंगावर काटा आला हो! उदबत्तीचा धूर, आईचा संथ आवाज, एक जपानी आणि एक भंडाऱ्याची बाई एका ओळीत बसलेली. मला भरून आलं. म्हटलं, हाच तो क्षण. मैत्रेयीला खूण केली, फोन तयार ठेव. पंचशील संपलं आणि मी रुमाल झर्रकन ओढला.

"सरप्राइज, सर!"

मैत्रेयीने फोटो काढला.

हायाशी-साननी डोळे उघडले.

समोर स्वतःच होते. काळ्या चौकटीत. काळ्या रिबनीत. भोवती पांढरी फुलं, पुढ्यात भाताची मूद.

मी आजवर बऱ्याच शांतता ऐकल्या आहेत, ऑडिटच्या वेळची, बायकोच्या रागाची. ही निराळी होती. हायाशी-साननी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं. आणि नकळत त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवून नाडी तपासली.

"यह... मैं?"

"हाँ सर!" मी छाती फुगवून म्हटलं. "आप ही!"

"मैं... कब हुआ?"

आता मात्र मला काहीतरी चुकल्याची पहिली शंका आली. संगीताला ती पंधरा मिनिटांपूर्वीच आली होती. तिने पाण्याचा ग्लास आणून दिला. हायाशी-साननी तो एका दमात संपवला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. लाइनवर खोट सापडली की ते असंच करतात. आणि उठून त्यांनी माझ्या हॉलचं इन्स्पेक्शन सुरू केलं.

माझ्या छातीवर बोट ठेवलं. "लेफ्ट ऊपर, ज़िंदा आदमी. राइट ऊपर, सिर्फ मुर्दा. मुर्दे को ऐसे पहनाते हैं."

मी खाली बघितलं. उजवा पदर वर होता. म्हणजे इतका वेळ त्यांच्याशी प्रेत गप्पा मारत होतं.

"सफेद फूल ऐसे?"

"मुर्दा?" मी विचारलं.

"मुर्दा. चावल में चॉपस्टिक खड़ी..."

"मुर्दा?"

"पक्का मुर्दा. फोटो, काला रिबन..."

"सर, टोफू?" मी बुडत्याने काडी धरावी तशी टोफूची ताटली धरली.

"टोफू ठीक है," हायाशी-सान म्हणाले. त्यांनी एक तुकडा चाखला. "नमक नहीं है."

मग ते परत हॉलभर नजर फिरवून म्हणाले, "गाजुबिये-सान, मेरे पिताजी के टाइम भी इतना परफेक्ट नहीं था. एक-दो गलती रह गई थी. आपके यहाँ..." त्यांचा आवाज कापायला लागला. "ज़ीरो डिफेक्ट."

ज़ीरो डिफेक्ट! माझ्या टेबलामागे इतकी वर्षं हीच पाटी लटकलीय. कारखान्यात एकदाही जमलं नाही, ते घरी जमलं!

त्यांचा आवाज कापत होता तो रागाने, असं मला वाटलं. पण तो हसू दाबल्यामुळे होता, आणि ते फुटलं तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आंटीने बाल्कनीतून विचारलं, "सब ठीक है ना?" हायाशी-सान सतरंजीवर बसले, मग आडवे झाले, डोळ्यांतून पाणी. मैत्रेयी हसत होती, संगीता भिंतीला धरून हसत होती. आईला काहीच कळलं नव्हतं. मैत्रेयीने तिला सगळं समजावून सांगितलं, तशी आई सरळ हायाशी-सानजवळ गेली आणि त्यांच्या गालांवरून हात फिरवून तिने कानशिलांवर बोटं मोडली. "काई नाई होत साहेबा. जित्या मानसाच्या मरनाची बातमी उठली का त्याचं आयुष्य वाढते."

मैत्रेयीने ते हिंदीत सांगितलं. हायाशी-सान उठून बसले आणि आईला म्हणाले, "माताजी, कितना बढ़ता है?"

"शंभर पुरे होतीन, पोट भरून जेवला तर," आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथून तिने काय आणलं असेल? पाटोडीचा रस्सा! लालभडक तर्रीचा! माझ्या नकळत तिने सकाळी उठून करून ठेवला होता. तिने भातातून त्या काड्या उपटल्या, मूद मोडली, वर वरण आणि तूप घातलं. हायाशी-साननी बाह्या सरसावल्या आणि हाताने जेवायला बसले. घाम गळत होता, नाक गळत होतं, पण थांबेनात.

"तीन साल," ते जेवता जेवता म्हणाले, "जिसके घर जाता हूँ, सब मुझे जपान खिलाते हैं. जपान तो मेरी वाइफ भी खिलाती है."

शू-रॅकमागून मिठाई काढली, काजूकतली होती. सगळ्यांनी खाल्ली. मी टोफू खाल्ला. खरंच मीठ नव्हतं.

ते जाताना मला वाटलं, चला, हसले म्हणजे माफ केलं. कोण जाणे, कदाचित जमूनही जाईल! माणसाची आशा मोठी चिवट असते.

सोमवारी निवड जाहीर झाली. चौधरी! मी केबिनमध्ये गेलो. मन घट्ट करून विचारलं, "सर, उसको तो जपान का कुछ भी नहीं पता."

"इसीलिए," हायाशी-सान म्हणाले. "कुछ नहीं पता, तो पूछेगा. आपको सब पता है."

खरं सांगतो, लागलं मला. घरी येऊन सुटकेस माळ्यावर टाकली. काकूंचा फोन आठवडाभर उचलला नाही. संगीता एकदाही 'मला वाटलंच होतं' म्हणाली नाही, त्याचं जास्त वाईट वाटलं.

पण थांबा, कप उचलू नका अजून. हायाशी-साननी मला रिकामं नाही सोडलं. जपानला जाणाऱ्या लोकांच्या प्रशिक्षणात आता मी असतो. म्हणजे मी शिकवत नाही, मी पडद्यावर असतो. मैत्रेयीने काढलेला तो फोटो! मी उलटा युकाता घालून, हातात रुमाल, चेहऱ्यावर विजयाचं हसू, शेजारी फुलं आणि झेंडा लावलेला भात. हायाशी-साननी सभ्यपणे स्वतःचा फोटो तेवढा कापून टाकला आणि मला ठेवलं. पहिल्याच प्रशिक्षणात चौधरी पुढच्या रांगेत बसला होता. त्याने हात वर करून विचारलं, "सर जी, इसमें ठीक क्या है?"

"टोफू," हायाशी-सान म्हणाले.

परवा चौधरीचा तिकडून व्हिडिओ कॉल आला. सुखात आहे, जाडही झालाय. तिकडच्या लोकांना भटूरे करून घालतो म्हणे. म्हणाला, "भाई गजभिये, तेरा फोटो तो यहाँ भी पहुँच गया. ट्रेनिंग वाले कमरे के बाहर दीवार पे लगा है."

माझा ऊर भरून आला. "खरंच? मतलब, सच में? लोग देखते हैं?"

"रोज देखते हैं, भाई," चौधरी जरा चाचरत म्हणाला. "पर नीचे हिंदी में लिखा है कि ये गलत तरीका है, और हिंदी यहाँ किसी को आती ना. नए छोरे आते हैं, कपड़े देखते हैं, फूल देखते हैं, चावल देखते हैं... और हाथ जोड़ के कमर तक झुक जाते हैं. एक ने तो पूछा था, गाजुबिये-सान बीमार थे क्या?"

आई मागे बसून ऐकत होती. म्हणाली, "बरं झालं बापू, तुहंबी आयुष्य वाढलं."

तर मंडळी, मी जपानला गेलो. कायमचा गेलो. आणि सगळा जपान माझ्यापुढे रोज कमरेत वाकतो.